कृष्णाकाठचा काळा दगड : कामाच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

काम ठरलं. ताईंच्या नव्या ऑफिसच्या भिंतींसाठी फोटो काढून त्यांचे मोठे प्रिंट करायचेत. ताई नात्यातल्या, व्यवसायाने आर्किटेक्ट, त्यामुळे विषयही त्यांनीच आखून दिला: सातारा ते वाई या पट्ट्यातलं काळ्या दगडाचं जुनं बांधकाम, आणि हा दगड ज्या डोंगरांचा ते डोंगर. सगळ्यात मोठा प्रिंट २० बाय ३० इंच. अटी दोनच. "खांब सरळ उभे दिसले पाहिजेत. आणि दगड दगडाच्या रंगाचा दिसला पाहिजे. निळा नको, चॉकलेटी तर अजिबात नको."

पहिली अट सोपी. दुसरीवर सगळं काम उभं आहे. आपल्याकडचा बेसाल्ट काळा म्हणायचा एवढंच. कोरडा असला की राखाडी, भिजला की काळा, सावलीत निळसर, संध्याकाळच्या उन्हात तपकिरी, आणि जुन्या भिंतीवर शेवाळ नि दगडफूल धरलं की हिरवट-पांढुरका. यातला खरा कुठला? माझं उत्तर आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पळवाट नको: ढगाळ दिवशी, कोरड्या दगडाशेजारी उभं राहून डोळ्यांना दिसतो तो. बाकीचे फोटो त्याच्याशी ताडून बघायचे.

ठिकाणं: संगम माहुली, लिंबची बारामोटेची विहीर, वाईचे घाट, मेणवली, डोंगरांसाठी अजिंक्यतारा. कासचं पठार यादीत नाही. एकतर तिथला वरचा थर जांभ्याचा, तांबडा. आणि दुसरं म्हणजे कासचे फोटो ज्याच्या मोबाइलमध्ये नाहीत असा सातारकर शोधावा लागेल.

घाई दोन कारणांनी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, मग लग्नाच्या फोटोंच्या कामात माझे रविवार माझे राहत नाहीत. आणि सध्या विधानसभेची आचारसंहिता आहे. चौकाचौकांतले, देवळांच्या कमानींवरचे फ्लेक्स उतरलेत. जुन्या वास्तू मोकळ्या बघायला मिळण्याचा हा योग पाच वर्षांतून मोजक्या वेळा येतो. निकाल लागेपर्यंत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं.

२४ ऑक्टोबर, संगम माहुली

कृष्णा-वेण्णेचा संगम. विश्वेश्वराचं देऊळ १७३५ चं, श्रीपतराव पंत प्रतिनिधींनी बांधलेलं. खालचा सगळा भाग घडीव दगडाचा, वर विटांचं नि चुन्याचं शिखर. म्हणजे एकाच चौकटीत काळा दगड, फिका चुना आणि मागे उजळ आकाश. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा स्वभाव असा की समोर काहीही असो, त्याला ते मधल्या राखाडीचं करायचं असतं. नुसती दगडी भिंत दाखवली तर एक्स्पोजर वाढवून भिंत धुतल्यासारखी फिकी करतो. थोडं आकाश दाखवलं की घाबरून सगळंच अंधारात टाकतो. म्हणून मीटर बाजूला ठेवला आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ किती याचा आलेख, बघून काम केलं. आकाश पांढरं फटक होऊ न देता जेवढा उजेड आत घेता येईल तेवढा घ्यायचा, दगड जरा फिका दिसला तरी चालेल. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये फिका दगड काळा करता येतो. अंधारातून उपसून काढलेला दगड मात्र दाणेदार होतो आणि त्या दाण्यांत जांभळे-हिरवे ठिपके येतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८, ट्रायपॉड. एफ १६ च्या पुढे गेलो नाही; या सेन्सरवर तिथे छिद्र फार बारीक होऊन डिफ्रॅक्शनने, म्हणजे उजेड पसरल्याने, टाकीचे घाव पुसट होतात.

प्रत्येक जागी पहिला फोटो राखाडी कार्डाचा, नंतर रंग ताडायला. कार्ड दगडाला टेकवूनच धरायचं, म्हणजे दगडावर पडणारा उजेडच त्याच्यावर पडतो. हातात धरून स्वतःच्या सावलीत काढलेल्या कार्डाचा काही उपयोग नाही.

खांब सरळ ठेवण्यासाठी कॅमेरा वर उचलायचा नाही हे पथ्य. पातळी धरून ठेवायची, वाइड लेन्सने जास्तीची फरशी आत येऊ द्यायची आणि नंतर खालून कापायची. शिखर पूर्ण हवं असेल तर मागे सरकायचं. इथे मागे नदी, त्यामुळे मागे सरकण्याला मर्यादा. एक-दोन ठिकाणी थोडा कॅमेरा उचलावा लागला, ते घरी सॉफ्टवेअरमध्ये सरळ होईल.

ट्रायपॉड लावला की खेडेगावात एक प्रश्न ठरलेला. आज तो एका आजोबांनी विचारला. "काय ओ पावणं, मोजणीला आलाय का?" नाही म्हटलं, फोटो काढतोय. "मग रस्त्यात काय काय जातंय?" पुन्हा सांगितलं, मोजणी नाही, देवळाचा फोटो. त्यांचा विश्वास बसला नाही. मी सामान आवरेपर्यंत पारावर बसून लक्ष ठेवून होते.

साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधीही इथेच. ताईंच्या यादीत नव्हती, पण काढली. ठेवतील असं वाटतं.

२७ ऑक्टोबर

माहुलीच्या फाइली डार्कटेबल या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या. लॅपटॉपचा स्क्रीन आधी कॅलिब्रेट केला आणि उजेड बराच उतरवला. झगझगीत स्क्रीनवर एडिट केलेला फोटो कागदावर हमखास काळवंडून येतो.

क्रम ठरवून टाकतो, सगळ्या सेटला एकच: लेन्स करेक्शन, मग राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती), मग खांब सरळ, मग उजेड, सगळ्यात शेवटी रंग. रंगाला शेवटी हात लावायचा कारण पहिल्या चार गोष्टी नीट झाल्या की रंगाला हात लावावाच लागत नाही असा अनुभव.

सावलीतल्या भिंतीचं गणित असं: तिच्यावर ऊन पडत नाही, पडतो तो निळ्या आकाशाचा उजेड. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तेवढा उजेड निळा; हा ८००० च्याही पुढचा असतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स उन्हातल्या फरशीकडे बघून ५२०० च्या आसपास बसतो आणि भिंत निळी होते. डोळ्याला ती निळी दिसत नव्हती कारण मेंदू स्वतःच दुरुस्ती करत होता. पण भिंत पूर्ण राखाडी केली तर उन्हातली फरशी हळदीत लोळते. एकाच फोटोत दोन उजेड आहेत हे मान्य करून, मास्क घालून सावलीचा भाग वेगळा दुरुस्त केला, तोही पूर्ण नाही. थोडा निळसरपणा राहू दिला. सावली आहे हे कळायला तेवढा लागतो.

मग टोन इक्वलायझर. यात फोटोतले गडद, मध्यम, उजळ भाग वेगवेगळे वर-खाली करता येतात आणि बारीक पोत बिघडत नाही. दगडाचे सगळ्यात गडद भाग अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वर, शिखराचा चुना पाव स्टॉप खाली. बास. भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "मामा, तू काय केलंस ते कळतच नाहीये." म्हणजे जमलं.

त्याला मग मोबाइलमधल्या ॲपवर हाच फोटो टाकून एका टिचकीत सुधारायला सांगितलं. ॲपने आकाश गडद निळं केलं, दगडाच्या कडा कोरल्यासारख्या टोकदार केल्या, आणि भिंतीवरच्या दगडफुलाचे राखाडी-पांढरे ठिपके डाग समजून पुसून टाकले. तीनशे वर्षांच्या भिंतीला ब्यूटी पार्लरमध्ये नेऊन आणलं. लग्नाच्या अल्बममध्ये मी हे रोज करतो, नवऱ्या मुलाच्या मुरमांवर. त्यात काही वावगं नाही. भिंतीचं तसं नाही. तो ठिपका म्हणजे कितीतरी वर्षांच्या पावसाळ्यांचा हिशोब आहे, तो खोडणारा मी कोण.

३० ऑक्टोबर

दिवाळी. हवेत फटाक्यांचा धूर, लांबचे डोंगर गायब. कॅमेरा पिशवीत.

७ नोव्हेंबर, लिंब

आजचा दिवस विहिरीचा. महामार्गावरून आत वळून गेलं की शेतांमधून रस्ता. बारामोटेची विहीर शाहूकाळातली. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४, विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. आजूबाजूच्या आमराईला पाणी द्यायला. वरून बघितली तर शिवलिंगाच्या आकाराची: मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून पायऱ्यांचा भाग, आणि मध्ये चक्क खांबांचा छोटा महाल. वर मोटा चालवायच्या जागा, थारोळी.

रविवार टाळून गुरुवारी आलो तरी रील करणारी मंडळी होतीच. एका जोडप्याचं प्री-वेडिंगही चालू होतं. फोटोग्राफर ओळखीचा निघाला. एकमेकांच्या चौकटीत न येण्याचा तह झाला.

विहिरीचं सगळं काम उन्हाच्या कोनावर. व्यास साधारण ५० फूट, खोली ११० फूट सांगतात. ऊन किती खोल उतरेल ते घरीच काढून आलो होतो. साताऱ्याचं अक्षांश १७.७. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १६ अंशांवर गेलेला, म्हणजे भरदुपारी तो क्षितिजापासून ५६ अंशांवर. ५० फूट रुंदीला ऊन जेमतेम ७४ फूट खाली पोचणार, तेही उत्तरेकडच्या भिंतीवर. डिसेंबरअखेर तेच ५७ फुटांवर थांबेल. आणि भरदुपार म्हणजे १२ वाजता नव्हे. घड्याळ चालतं ८२.५ रेखांशाचं, आपण ७४ वर. सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो; या दिवसांत सव्वाबाराच्या थोडा पुढे. बाराला येऊन "ऊन पडत नाही" म्हणून परत जाणारे बरेच असतात.

सव्वाबाराच्या सुमारास महालाच्या सज्जातून खाली बघत होतो. ऊन उत्तरेच्या भिंतीवर इतकं तिरकं घासत होतं की प्रत्येक चिऱ्यावरचे टाकीचे घाव वेगवेगळे मोजता येत होते. एका चिऱ्यावर सगळे घाव डावीकडून उजवीकडे कललेले. त्याच्या शेजारच्यावर उलटे. दोन पाथरवट, की एकच डावखुरा-उजवा दोन्ही हातांनी काम करणारा? किंवा चिराच बसवताना फिरवला असेल. हा पोत दहा मिनिटं होता. ऊन जरा सरळ झालं, भिंत सपाट दिसायला लागली.

एका फोटोत सगळा उजेड मावत नाही. वरचं आकाश, उन्हातली भिंत आणि महालाखालचा काळोख यांत अंतर फार. म्हणून दोन स्टॉप कमी, बरोबर, दोन स्टॉप जास्त असे तीन-तीन फोटो. केबल रिलीज, कॅमेऱ्याला हात नाही. अडचण पारव्यांची. विहिरीत पारवे असतातच, तीन फोटोंत तीन ठिकाणी उडतात, मग जोडलेल्या फोटोत अर्धपारदर्शक भुतं दिसतात. ते बसेपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही.

काठाला जिथे कठडा नाही तिथे ट्रायपॉड लावला नाही. पायऱ्यांवर एक पाय आखूड, दोन लांब करून उभा केला नि पिशवी मधल्या दांड्याला टांगली.

९ नोव्हेंबर

विहिरीचे फोटो जोडण्यासाठी एचडीआर, म्हणजे उजेडाचा सगळा पल्ला एका फोटोत बसवायचं तंत्र, वापरायचं नाही असं ठरवून बसलो होतो. ते तंत्र वाईट नाही, पण तो पल्ला दाबून बसवताना (टोन मॅपिंग) हात आवरत नाही. भिंतीच्या कडेने उजळ प्रभावळ येते आणि काळोखातला दगडही उन्हातल्याइतकाच उजळतो. मग विहिरीत खोली राहत नाही. एन्फ्यूज नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. ते नुसतं प्रत्येक जागी तीन फोटोंतला ज्याचा उजेड ठीक त्याला जास्त वजन देतं. आधी हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरच्या साधनाने तिन्ही फोटो एकमेकांवर नेमके बसवून घेतले, कारण शटरच्या धक्क्यानेही एखाद्या पिक्सेलचा फरक पडतो.

तरी महालाखालचा कोपरा जास्तच उजळला. तिथे परत हाताने अंधार घातला. विहिरीत खाली अंधार असतोच, तो दाखवायला लाज कसली.

१५ नोव्हेंबर, वाई

त्रिपुरी पौर्णिमा. घाटावर पणत्या. काढले भरपूर, पण सेटमध्ये एकही नाही. पणतीचा उजेड २००० केल्विनच्या आसपास, वर एलईडीचे फोकस त्याच्या तिप्पट. मधल्या दगडाला स्वतःचा रंग उरतच नाही, ज्याचा उजेड पडेल त्याचा तो. देखणं दिसतं, पण ते या कामाचं नव्हे. घरच्यांसाठी दोन ठेवले.

२४ नोव्हेंबर

निकाल काल लागला. आज सकाळी अभिनंदनाचे फ्लेक्स लागायला सुरुवात. एका घाटाची कमान अख्खी झाकली. बरं झालं, तिचा फोटो ऑक्टोबरअखेर येऊन काढून ठेवला होता.

२८ नोव्हेंबर, मेणवली

नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट. घाटावरच्या देवळापाशी ती मोठी घंटा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक, इथे येऊन टांगली गेली. घंटेचा धातू नि मागचा दगड दोन्ही काळे. एकमेकांत बुडू नयेत म्हणून बाजूने पांढऱ्या थर्माकोलच्या तुकड्यावरून थोडा उजेड मारला. फ्लॅश नाही.

सकाळी घाटावर धुणं चालू होतं. रिकामा घाट दाखवायचा असेल तर त्याची एक साधी युक्ती आहे: ट्रायपॉड न हलवता थोड्या थोड्या वेळाने बरेच फोटो काढायचे आणि गिम्प या सॉफ्टवेअरमध्ये जी-मिक हे जोडसाधन लावून त्यांची मध्यका, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची मधली किंमत, घ्यायची. एखादा माणूस एका जागी निम्म्यापेक्षा कमी फोटोंत असेल तर तो आपोआप नाहीसा होतो, दगड तेवढा राहतो. तसे फोटो काढून ठेवले. मग धुणं धुणाऱ्या मावशींना विचारलं, तुमच्यासकट एक काढू का? "आमचं तोंड नको बाबा. धुण्याचा काढ." पाठमोरा काढला.

घरी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. मध्यका घेतलेला घाट स्वच्छ, रेघ न रेघ दिसते, आणि अगदीच पोरका. पाठमोऱ्या बायका, आपटलेल्या लुगड्यातून उडालेलं पाणी आणि पायरीचा जिथे वर्षानुवर्षं धुणं आपटलं जातं तो गुळगुळीत झालेला भाग, हे एकत्र आलं की पायऱ्या अशा का बांधल्या ते समजतं. ताईंना दोन्ही पाठवतो, पण माझं मत या दुसऱ्याला.

१ डिसेंबर, वाई

ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचं पाणी आदळून दोन्हीकडे फाकावं म्हणून. दर्शनाला येणारे समोरून जातात, समोरून परततात. या देवळाचं खरं डोकं मागे आहे.

जवळून वाइड लेन्सने काढलं की ते टोक इतकं पुढे येतं की जहाजच वाटावं, आणि शिखर मागे कोसळतं. पर्स्पेक्टिव्ह लेन्स ठरवत नाही, आपण किती लांब उभे आहोत ते ठरवतं. म्हणून पलीकडच्या काठावर जाऊन ७० मिलिमीटरने काढलं. भिंतीचा फुगवटा आहे तेवढाच आला, उभ्या रेषा कॅमेऱ्यातूनच सरळ निघाल्या. सॉफ्टवेअरमध्ये ताणून सरळ केलेल्या फोटोत वरचा भाग ओढला जातो, पिक्सेल पातळ होतात. २० बाय ३० ला ते दिसतं.

मध्ये पाण्यावर जलपर्णी. फोटोतून पुसायची का? नाही.

४ डिसेंबर

अवकाळीची भुरभुर. लग्नाचं काम दुपारनंतर, म्हणून सकाळी माहुलीला जाऊन आलो. भिजलेला दगड खरा काळा. पाण्याचा पापुद्रा आला की दगडाच्या खरखरीत पृष्ठभागावरून उजेड सैरावैरा विखुरत नाही, म्हणून रंग गडद होतो. पण त्याच पापुद्र्यावर आकाश चमकतं आणि भिंत पांढरी मारते. लेन्सवरचा पोलरायझर, म्हणजे चमक अडवणारा फिल्टर, फिरवला की ती चमक जाते. सगळ्यात जास्त जाते ती पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांतून बघितलं तर, म्हणून ट्रायपॉड खाली घेतला. पूर्ण चमक मात्र काढली नाही. चमकच नसली तर दगड ओला आहे हे कशावरून कळणार?

वाइड लेन्सवर निळ्या आकाशासाठी पोलरायझर लावू नये. आकाशाच्या एका पट्ट्यातच गडद डाग पडतो, तो नंतर निघत नाही. आज आकाश ढगाळ, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

सुरुवातीला ठरवलेला संदर्भाचा फोटोही आजच झाला. पाऊस थांबल्यावर आडोशाची कोरडी भिंत, ढगाळ उजेड, शेजारी राखाडी कार्ड. इथून पुढे सगळे फोटो याच्या शेजारी उघडायचे.

१२ डिसेंबर, अजिंक्यतारा

पहाटे किल्ल्यावर. चार भिंती या स्मारकापाशी नेहमीचे फिरायला येणारे, वर कुणी नाही. पूर्वेला जरंड्याचा डोंगर, खाली शहर, पश्चिमेला यवतेश्वरचं पठार. ताईंना इथून "दगड कुठून आला" ते दाखवायचं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसले, म्हणून आपले डोंगर टोकाचे नाहीत, माथ्याला सपाट आणि अंगाला पायऱ्यापायऱ्यांचे. इंग्रज भूशास्त्रज्ञांनी त्याला दख्खन ट्रॅप म्हटलं, ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. तिरक्या उन्हात प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ येते. ऊन वर चढलं की सगळा डोंगर एक ढीग.

पॅनोरमासाठी कॅमेरा उभा धरून, फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने बांधून, प्रत्येक फोटोत शेजारच्याचा तिसरा हिस्सा येईल असं फिरत गेलो. जवळ तटबंदीचे दगड होते म्हणून कॅमेरा रेलवर मागे सरकवून लेन्सच्या आतल्या बिंदूभोवती फिरवला. नुसता ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवला असता तर जवळचे दगड लांबच्या डोंगरावर सरकत गेले असते आणि जोड फाटले असते. फक्त लांबचे डोंगर असते तर एवढा खटाटोप लागला नसता.

खोऱ्यात धुराचा थर. कारखाने सुरू, ऊस तुटतोय, कुठे पाचट पेटवलेलं. घरी हेझ रिमूव्हल, म्हणजे धुरकटपणा काढायचं साधन, लावून बघितलं: लांबचा डोंगर जवळ आला आणि जांभळा झाला. लांबचं फिकं नि निळसर दिसतं ते हवेमुळे, आणि त्या फिकेपणावरूनच डोळा अंतर ओळखतो. अगदी थोडं ठेवलं, तेही मधल्या पट्ट्यापुरतं. गळिताच्या हंगामातला सातारा असाच दिसतो.

२२ डिसेंबर

टेस्ट प्रिंट. ताईंना मॅट कागद हवा, काच न लावता. मॅटवर काळा रंग चकचकीत कागदाएवढा खोल जात नाही. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे कागदावर कसं येईल त्याची स्क्रीनवरची नक्कल, लावून बघितलं तर विहिरीच्या खालचा सगळा भाग एका राखाडीत मिसळत होता. म्हणून मॅटसाठी वेगळी आवृत्ती केली: गडद भागातला फरक थोडा ताणलेला, प्रिंटसाठीचं शार्पनिंग जरा जास्त. ६००० बाय ४००० पिक्सेलची फाइल ३० इंचाला २०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) देते. भिंतीवरच्या, चार पावलांवरून बघायच्या फोटोला पुरे.

एका लॅबकडून चार बाय सहाचे तुकडे करून आणले. सगळे निळे. फाइल तपासली, नीट होती. विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, मशीन ऑटो करेक्शन करतं ना, सगळ्यांचेच फोटो छान येतात." बंद करा म्हटलं तर तसं करता येत नाही म्हणाला. दुसरीकडे टाकले, करेक्शन बंद ठेवा असं ऑर्डरवर मोठ्या अक्षरात लिहून, त्यांच्याच कागदाची प्रोफाइल (त्यावर रंग कसे येतात त्याची फाइल) मागवून. तिथून आलेला तुकडा खिडकीच्या उजेडात संदर्भाच्या फोटोशेजारी धरला. जमतंय. विहीर अजून थोडी उजळ करायची.

६ जानेवारी २०२५

ताई घरी आल्या, निवड झाली. खंड्याची समाधी ठेवली. मेणवलीचे दोन्ही बराच वेळ हातात धरून बसल्या, शेवटी बायकांचा घेतला. "रिकामा मला ड्रॉइंगमध्येही मिळतो," म्हणाल्या.

वाद झाला तो वायरवरून. माहुलीच्या एका फोटोत शिखरासमोरून विजेची वायर जाते. ताईंचं म्हणणं, वास्तूची रचना दिसायला हवी, काढून टाक. रिटचमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. माझं म्हणणं, फ्लेक्स, प्लास्टिकची बाटली, उभी केलेली मोटरसायकल, हे उद्या तिथे नसेल, ते हवं तर काढू. वायर उद्याही आहे. ती काढली तर हा फोटो बघून माहुलीला जाणाऱ्याला मी फसवलं. ताई म्हणाल्या, "तू मग दगडाचा रंग दुरुस्त करतोस ते काय?" तो कॅमेऱ्याने बिघडवलेला परत जागेवर आणतो, हे माझं उत्तर. त्यांना ते पूर्ण पटलं नाही. तडजोड: बाजूला चार पावलं सरकून काढलेला, वायर शिखराच्या बाजूने जाणारा फोटो घेतला. रचना तेवढी नेटकी नाही.

१८ जानेवारी

मोठे प्रिंट आले. अजिंक्यताऱ्याचा पॅनोरमा सगळ्यात देखणा. विहिरीच्या प्रिंटमध्ये दुपारच्या उन्हातले टाकीचे घाव हात लावून बघावेत इतके उठलेत; उलटसुलट कललेले ते दोन चिरे ताईंच्या सुताराने स्वतःहून ओळखले. "दगड फिरवून बसवलाय," म्हणाला. दोन पाथरवट की एक, हा माझा प्रश्न मिटला.

वाईचे आणखी घाट करायचे होते, पण कृष्णाबाईच्या उत्सवाचे मांडव पडायला लागतील. आता ते उत्सवानंतर.

फाइलींची व्यवस्था: रॉ, एडिटच्या नोंदी आणि १६ बिटच्या टिफ दोन वेगळ्या डिस्कवर, एक ताईंकडे. प्रत्येक फोल्डरच्या नावात तारीख नि गाव. राखाडी कार्डाचे फोटो उडवायचे नाहीत, जागा खात असले तरी.

पुढचं: लिंब, १० मेच्या आसपास. त्या दिवसांत सूर्य आपल्या अक्षांशावर येतो, साडेबाराच्या सुमारास बरोबर माथ्यावर. विहिरीत ऊन सरळ पाण्यापर्यंत जाईल. पाणी तेव्हा खाली गेलेलं असेल, म्हणजे एरवी बुडालेली भिंतही मिळेल. मेची लग्नं सांभाळून एक दुपार मोकळी ठेवायला आत्ताच डायरीत खूण केली. टोपी, पाणी, आणि ट्रायपॉडचा सैल झालेला स्क्रू त्याआधी बदलून घ्यायचा.